देवदार, पाईन की भलतंच काही? : लाकडाच्या पोटातल्या खुणांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातलं लाकूड भिंगाखाली कसं बघायचं यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. गंमत म्हणजे सागाबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही, सगळी गर्दी पाईन, देवदार, फर या सूचिपर्णी मंडळींकडे. तेव्हा या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतो. काही पत्रं लांब होती ती कापून घेतलीयेत, राग नसावा.

प्रश्न : जुन्या बाजारातून एक मोठी लाकडी पेटी घेतली. विकणारा म्हणाला अस्सल देवदार आहे, म्हणून चार पैसे जास्त मोजले. आमचा सुतार बघून हसला, म्हणे साधं पाईन आहे. घरात मुलाचा कॉलेजचा मायक्रोस्कोप आहे, त्यावर काही कळेल का? – एक वाचक, सातारा

कळेल की. देवदार आहे की नाही एवढं तर छातीठोक कळेल, आणि नसेल तर काय आहे तेही बऱ्यापैकी जवळ जाऊन सांगता येईल.

सुतार हसला त्याला कारण आहे. आपल्याकडे पॅकिंगच्या हलक्या पांढरट लाकडाला सरसकट देवदार म्हणायची जुनी सवय, देवदारी खोकं म्हटलं की गोदीवरून आलेलं, पट्ट्या ठोकलेलं, नंतर फोडून बंबात घालायचं खोकं डोळ्यासमोर येतं, आणि त्यात खरं देवदार औषधालाही सापडायचं नाही कारण ती खोकी परदेशी पाईनची नाहीतर स्प्रूस-फरची. खरा देवदार वायव्य हिमालयातला, काश्मीर, हिमाचल, गढवालकडचा, श्रीनगरच्या हाउसबोटी ज्याच्या बनतात तो. विकणारा मुद्दाम खोटं बोलला असेलच असं नाही, त्याच्या धंद्यात यालाच देवदार म्हणतात.

वासावर जाऊ नका. ताज्या कापाला देवदाराचा तेलकट उग्र वास येतो आणि पाईनला टर्पेंटाइनचा, पण जुन्या पेटीत डांबराच्या गोळ्या, पॉलिश आणि चार पिढ्यांचे कपडे यांचाच वास जास्त, त्यात नाक काय करणार.

आता काम. पेटीच्या तळातून, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागेतून साधारण १ सेंटीमीटरचा ठोकळा काढा, पाण्यात उकळत ठेवा, तो तळाला बसेपर्यंत. तळाला बसला म्हणजे आतली हवा गेली आणि लाकूड मऊ झालं. प्रयोगशाळेत यासाठी मायक्रोटोम असतं, १५-२० मायक्रॉनचे काप निघतात, सॅफ्रानिनने रंगवतात वगैरे, पण आपल्याला दाढीचं कोरं ब्लेड पुरतं. कोरं म्हणजे कोरंच, वापरलेल्या ब्लेडने पेशी चिरडतात आणि मग दिसतो तो चिखल. पूर्ण काप पातळ यायची गरज नाही, एका बाजूला निमुळता झाला तरी त्या निमुळत्या कडेला सगळं दिसतं. ग्लिसरीनचा थेंब, वर कव्हरस्लिप, झालं.

काप तीन दिशांनी घ्यायचे, इथे लोक कंटाळा करतात आणि मग काहीच कळत नाही म्हणतात. पहिला आडवा, म्हणजे खोड करवतीने कापल्यावर वर्षाची कडी दिसतात तो पृष्ठभाग. दुसरा उभा, पण गाभ्यापासून सालीकडे जाणारा, कड्यांना काटकोनात; याला त्रिज्येचा काप म्हणू. तिसराही उभाच पण कड्यांना घासून जाणारा. यातला दुसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेकांचा तिरका जातो. ठोकळ्याच्या आडव्या तोंडावर आधी पेन्सिलने किरणाची (गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या बारीक पट्टीला किरण म्हणतात) रेघ मारून घ्या आणि ब्लेड तिच्यावरूनच चालवा.

आडव्या कापात पहिली गोष्ट बघायची, मोठी गोल भोकं आहेत का. साग, शिसव, आंबा, बाभूळ, कशातही ती असतात, त्या वाहिन्या. सूचिपर्णींत वाहिन्या नसतातच, नव्वद टक्क्यांहून जास्त लाकूड एकाच प्रकारच्या लांबट पेशींचं, त्यांना ट्रॅकीड म्हणतात, शाळेच्या पुस्तकात वाहिनिका. एकेक ३-४ मिलिमीटर लांब पण रुंदी जेमतेम ३०-४० मायक्रॉन, आणि आडव्या कापात त्या ओळीने शिस्तीत बसलेल्या दिसतात. एवढं दिसलं की निम्मं काम झालं.

दुसरं, राळेच्या नळ्या. कड्यांमध्ये इकडेतिकडे विखुरलेली, भोवती बारीक पेशींचं अस्तर असलेली भोकं असतील तर मामला चार घराण्यांपुरता उरतो : पाईन, स्प्रूस, लार्च आणि डग्लस फर. पाईनच्या नळ्या मोठ्या, एकेकट्या, अस्तर इतकं नाजूक की काप घेताना बऱ्याचदा फाटतंच, बाकी तिघांत नळ्या लहान, पुष्कळदा जोडीने, अस्तर जाड भिंतीचं. देवदारात, फरमध्ये, हेमलॉकमध्ये, सुरईत (म्हणजे सायप्रसमध्ये), जुनिपरमध्ये अशा विखुरलेल्या नळ्या नसतात. पण (हा पण मोठा आहे) देवदाराला इजा झाली, हिमकडा बसला, कुऱ्हाड लागली की तोही राळेच्या नळ्या बनवतो, फक्त त्या एका कड्यात ओळीने चिकटून बसलेल्या असतात. ती ओळ बघून पाईन ठरवलं की फसलात.

आणि तिसरी खूण, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. त्रिज्येच्या कापात, कड्याच्या फिकट भागातल्या ट्रॅकीडच्या भिंतीवर गोल गोल पिट दिसतील, बाहेर एक वर्तुळ, आत एक वर्तुळ. पाणी एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जायची ती दारं, आणि आत मधोमध एक जाडसर चकती असते जी दार बंद करते, तिला टोरस म्हणतात. पाईनमध्ये, स्प्रूसमध्ये या चकतीची कड गुळगुळीत. देवदाराच्या चकतीची कड मात्र कातण फिरवलेल्या करंजीसारखी, नागमोडी. सिड्रस या कुळाखेरीज ही कड अशी सहसा कुठे सापडत नाही. १० च्या ऑब्जेक्टिव्हवर ती दिसणार नाही, ४० वर जा, प्रकाश कमी करा, कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि फोकसचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत राहा, चार-पाच पिटमध्ये धूसर वाटेल आणि मग एकदम एकात स्वच्छ दिसेल. दिसली तर पेटी देवदाराची, सुताराला बोलावून दाखवा.

नाही दिसली आणि विखुरलेल्या नळ्याही आहेत, तर पुढे चौक बघा. त्रिज्येच्या कापात उभ्या ट्रॅकीडवरून आडवे किरण जातात, जिथे ते एकमेकांना छेदतात तो चौक, आणि पाईनमध्ये कोणती टोळी हे या चौकातल्या पिटांवर ठरतं. चौकात एक किंवा दोनच मोठ्या, जवळजवळ अख्खा चौक व्यापणाऱ्या खिडक्या असतील तर हिमालयातलं कैल किंवा युरोपातलं स्कॉट्स पाईन यांच्यापैकी काहीतरी. लहान लहान, तिरकी, एकाहून जास्त असतील तर चीड, न्यूझीलंडहून येणारं रेडियाटा, किंवा अमेरिकेच्या दक्षिणेतलं पिवळं पाईन. मग किरणाच्या वरच्या-खालच्या कडेला असलेल्या ट्रॅकीडची भिंत बघायची, आत दाते आलेत का. खिडक्या मोठ्या आणि भिंत गुळगुळीत तर कैलच्या गटातलं, खिडक्या मोठ्या पण भिंतीला दाते तर स्कॉट्स पाईनच्या. दोन खुणा जोडून बघायच्या, एकीवर कधीच नाही.

माझा अंदाज विचाराल तर पेटी पाईनचीच निघेल. पण मजबूत असेल तर रडत बसू नका, वापरा.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन म्हणजे कोकणातले पाईनच ना? पानं सुईसारखी, खाली बारीक फळं शंकूसारखी. लाकूडही त्याच पद्धतीने ओळखायचं का? – एक वाचक, दापोली

दिसायला अगदी तसंच, पण नाही. सुरू म्हणजे कॅज्युरिना, हे फुलझाड आहे, पाईनशी त्याचं काही नातं नाही. ज्या सुया दिसतात त्या हिरव्या बारीक डहाळ्या आहेत, खरी पानं त्यांच्या सांध्यावर खवल्यांएवढी उरलीयेत, डहाळी ओढून सांधा तोडला की दातेरी कडं दिसतं बघा. आणि लाकडाचा आडवा काप घेतलात की वाद संपतो, वाहिन्यांची भोकं सरळ दिसतात. लाकूड जड, कठीण, ब्लेडला नको नको करून सोडतं, तास-तासभर उकळावं लागेल.

आता विषय निघालाच आहे तर, महाराष्ट्रात निसर्गतः उगवणारा सूचिपर्णी वृक्ष नाहीच. द्वीपकल्पात एकच, नागेया वॉलिचियाना, तो सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित जंगलात, आणि त्याची पानंही सुईसारखी नसून चांगली रुंद आहेत त्यामुळे बघून कोणी पाईनचा भाऊबंद म्हणणार नाही. आपल्या बंगल्यांपुढचं ख्रिसमस ट्री बहुतेक अरॉकेरिया, दूर पॅसिफिकमधल्या बेटांवरचं, आणि कुंडीतली मोरपंखी चीनकडची. दोन्ही सूचिपर्णी खरे, पण पाहुणे.

प्रश्न : कारखान्यांतून निघालेल्या पॅलेटच्या फळ्यांचं फर्निचर करतो. एका फळीचा काप मायक्रोस्कोपखाली बघितला तर ट्रॅकीडच्या आत स्प्रिंगसारख्या तिरक्या रेघा. नेटवर शोधलं तर यू नावाच्या झाडात असं असतं म्हणे, आणि ते दुर्मिळ आहे. मी काही बेकायदा तर वापरत नाही ना? – एक वाचक, नाशिक

घाबरू नका, पॅलेटमध्ये यू कोण घालतंय! तो हळू वाढणारा, धनुष्याचं लाकूड म्हणून जगभर नाव काढलेला वृक्ष, १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या त्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं धनुष्यही यूचंच होतं आणि कुऱ्हाडीचा दांडाही. आपला हिमालयातला यू म्हणजे थुनेर, कॅन्सरच्या औषधासाठी त्याची इतकी साल आणि पानं ओरबाडली गेली की आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस करारातलं बंधन आहे.

पण तुमची शंका रास्त आहे कारण पेशीच्या आतल्या स्प्रिंगसारख्या रेघा ही खूण खरंच मोजक्यांत आहे. तीन शक्यता तपासा. आडव्या कापात राळेच्या नळ्या आहेत का? असतील तर यू बाद, ते डग्लस फर, उत्तर अमेरिकेतलं, आणि पॅकिंगमध्ये ते असणं अगदी स्वाभाविक. नळ्या नाहीतच, आणि रेघा कड्याच्या फिकट-गडद दोन्ही भागांत सगळीकडे, तर यू म्हणायला जागा आहे. तिसरी शक्यता फसवी आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तपासायलाच हवी अशी : सूचिपर्णी झाड कलतं किंवा फांदी आडवी जाते तेव्हा खालच्या बाजूला झाड वेगळं, दाबाखालचं लाकूड बनवतं, त्यातल्या ट्रॅकीडच्या भिंतीला तिरक्या चिरा असतात. त्या चिरा आहेत, उंचवटे नव्हेत. त्या जास्त उभट जातात, भिंतीत आत घुसलेल्या दिसतात, आणि आडव्या कापात पेशी चौकोनी न राहता गोल झालेल्या, मध्ये फटी पडलेल्या असतात. ते दिसलं की हे कुठल्याही साध्या पाईनचं किंवा स्प्रूसचं वाकडं लाकूड. फर्निचरला तसंही वाईट, सुकताना पिळतं.

आणि हो, मायक्रोस्कोप काढायच्या आधी पॅलेटवरचा शिक्का बघत जा, त्यात फुकट माहिती असते. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, शेजारी दोन अक्षरी देशाचा कोड, मग नंबर, मग प्रक्रियेचा कोड. एनझेड असेल तर रेडियाटा पाईनकडे आधी बघा, डीई म्हणजे जर्मनी, मग स्प्रूस किंवा स्कॉट्स पाईन. पॅलेट एका देशात बनून लाकूड दुसऱ्या देशातलं असू शकतं, त्यामुळे शिक्का हा पुरावा नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. प्रक्रियेच्या जागी एचटी असेल तर नुसती उष्णता दिलेली, एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, असली फळी मी तरी स्वयंपाकघराच्या किंवा लहान मुलांच्या फर्निचरला लावणार नाही.

प्रश्न : लाकडाच्या सूक्ष्म तपासणीवरून नेमकी प्रजाती सांगता येते का? कोर्टात असा रिपोर्ट किती टिकेल? – एक वकील, नागपूर

सरळ उत्तर, कूळ बहुतेक वेळा सांगता येतं, कुळातला गट बऱ्याचदा, नेमकी प्रजाती क्वचित. आणि जो रिपोर्ट फक्त काप बघून बेधडक पायनस अमुक-तमुक असं लिहितो त्याच्यावर उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारा की जवळच्या भावंडांपासून वेगळं कोणत्या खुणेने केलंत. स्कॉट्स पाईन आणि ऑस्ट्रियातलं काळं पाईन कापावरून वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेतली पिवळी पाईन तर चांगली चार-पाच, लाकूड सगळ्यांचं सारखं. स्प्रूस आणि लार्च वेगळे करताना जाणकारही घाम पुसतात. भूगोल मदतीला घ्यावाच लागतो : लाकूड काश्मीरच्या जंगलातून जप्त झालंय आणि कापात मोठ्या खिडक्या, गुळगुळीत भिंत, तर कैल म्हणायला हरकत नाही, कारण तिथे त्या गटातलं दुसरं कोणी उगवत नाही. तोच तुकडा गोदीत सापडला असता तर गट लिहून थांबावं लागलं असतं.

या विषयातला सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेतला. विमानवीर चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाला १ मार्च १९३२ च्या रात्री न्यूजर्सीतल्या घराच्या वरच्या मजल्यावरून पळवलं, नंतर त्याचा मृतदेहच सापडला. मागे राहिली एक घरी ठोकलेली तीन तुकड्यांची शिडी. मॅडिसनच्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतला आर्थर कोहलर हा लाकूडतज्ज्ञ त्या शिडीमागे लागला. मायक्रोस्कोपने त्याला काय दिलं, तर शिडीत पाँडेरोसा पाईन, डग्लस फर, दक्षिणी पिवळं पाईन आणि खुंट्या बर्चच्या. बस. दक्षिणी पिवळं पाईन त्या काळी अर्ध्या अमेरिकेत विकलं जायचं, एवढ्यावर कोणालाही पकडता आलं नसतं.

पुढचं काम रंध्याच्या खुणांनी केलं. फळ्या मशीनवर रंधल्या की पात्यांच्या बारीक लाटा उमटतात, त्या मोजून त्याने ताडलं की मशीनला रुंद बाजूला ८ आणि कडेला ६ पाती आहेत, त्यातलं एक पातं जरा बिघडलेलं, मग दीड हजारांहून जास्त गिरण्यांना पत्रं, त्यातून दक्षिण कॅरोलायनातली एक गिरणी आणि तिथून न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची वखार. सप्टेंबर १९३४ मध्ये ब्रूनो हॉप्टमनला अटक झाली ती खंडणीच्या नोटांवरून, पण त्याच्या घराच्या माळ्यावर एक फळी अर्धी कापलेली सापडली, आणि शिडीची १६ नंबरची पट्टी कड्यांच्या जुळणीने आणि जुन्या चौकोनी खिळ्यांच्या चार भोकांनी तिथे बरोबर बसली. १९३५ च्या खटल्यात कोहलरची साक्ष निर्णायक ठरली, एप्रिल १९३६ मध्ये हॉप्टमनला विजेच्या खुर्चीवर बसवलं. त्या पुराव्यावर वाद घालणारे अजून आहेत, तो वेगळा विषय. तुमच्या कामाचं एवढंच की बचावाच्या वकिलाने आधी कोहलरच्या साक्षीलाच हरकत घेतली होती, लाकूड ओळखण्याचं शास्त्र म्हणून काही असतंच नाही या धर्तीवर, आणि न्यायाधीशांनी ती फेटाळली.

आपल्याकडे असा अहवाल हवा असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था. डेहराडूनला लाकडाच्या नमुन्यांचा प्रचंड संग्रह आहे, आणि खरं काम तिथे होतं, कापाशेजारी खात्रीच्या झाडाचा काप ठेवून. नुसत्या पुस्तकातल्या वर्णनावरून दिलेलं मत माझ्या लेखी अर्धंच. रिपोर्टमध्ये लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आयएडब्ल्यूए) २००४ साली काढलेल्या सूचिपर्णींच्या यादीतल्या खुणांचे नंबर दिलेले असले तर उत्तम, दुसरा तज्ज्ञ ते पडताळून बघू शकतो.

प्रश्न : जळून कोळसा झालेल्या लाकडावरून झाड कळतं का? – पुरातत्त्वाची एक विद्यार्थिनी, पुणे

हो, आणि कधीकधी ताज्या लाकडापेक्षा सोपं जातं कारण कापायची भानगड नाही, कोळसा हाताने मोडायचा, तीन दिशांनी, आणि वरून प्रकाश टाकून मोडलेला पृष्ठभाग बघायचा. पेशी आक्रसतात पण रचना टिकते, चौकातल्या खिडक्या, राळेच्या नळ्या सगळं ओळखू येतं. मोजमापांवर मात्र विश्वास ठेवू नका, जळताना किती आक्रसलं कोणास ठाऊक.

लाकूड न जळताही उरतं कधी. हडप्पाच्या स्मशानात १९४६ च्या व्हीलरच्या उत्खननात एका लाकडी शवपेटीचे अवशेष मिळाले, कडा शिसवाच्या आणि झाकण देवदाराचं निघालं. देवदार त्या सपाट मुलखात उगवत नाही, म्हणजे तो डोंगरातून, बहुधा नदीने, खाली आलेला. एका झाकणाच्या पेशींवरून व्यापाराची वाट कळते, म्हणून सांगतो, खड्ड्यातला कोळशाचा चुरा फेकू नका, पाकिटात भरा आणि थर लिहून ठेवा.

प्रश्न : सिरोंचाकडे सहल गेली होती, वडधमच्या फॉसिल पार्कात दगड झालेली खोडं बघितली. एका जाणकारांनी ती अरॉकेरियाची असल्याचं सांगितलं. म्हणजे बागेतलं ख्रिसमस ट्री तेव्हा गडचिरोलीत होतं? – एक शिक्षक, चंद्रपूर

अरॉकेरियासारखी असं म्हणा, एवढी दुरुस्ती केली की वाक्य बरोबर. अरॉकेरियाच्या ट्रॅकीडवर पिट इतके दाटीने बसतात की गोल न राहता षटकोनी होतात आणि दोन-तीन ओळींत एकाआड एक रचलेले दिसतात. पाईन-देवदारात ते सुटे, गोल, एकाखाली एक किंवा जोडीने शेजारी. दगड झालेल्या लाकडाचीही चकती कापून ३० मायक्रॉनच्या आसपास घासली की हे सगळं दिसतं, सिलिकाने पेशीन्‌पेशी जपलेली असते.

अडचण अशी की ही षटकोनी रचना फार जुनी आणि अनेकांकडे होती. नागपूरजवळच्या कामठीवरून ज्या खडकांना नाव पडलं त्या कामठी थरांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या झाडाची पानं सापडतात, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीची, आणि ग्लॉसोप्टेरिस हा सूचिपर्णी नव्हताच, तरी त्याचं लाकूड असंच. म्हणून जीवाश्मतज्ज्ञ अशा लाकडाला अरॉकेरिऑक्सिलॉनसारखं वेगळं नाव देतात, म्हणजे लाकूड या जातीचं, झाड कोणतं ते खात्रीने नाही. पान किंवा शंकू त्याच खोडाला चिकटलेला मिळाला तरच पुढे बोलायचं. वर्षाची कडी ठळक आहेत का तेही मुलांना बघायला सांगा, त्या गोंडवन काळात आपला भूभाग पार दक्षिणेला होता, ऋतू कडक, त्यामुळे लाकडात कडी स्पष्ट उमटली.

विदर्भात दुसऱ्या वयाचंही लाकूड मिळतं, वर्धा जिल्ह्यात, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधलं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं. त्यात ताड आणि वाहिन्यांची भोकं असलेली फुलझाडं भरपूर. तेव्हा तुकडा कुठल्या थरातला ते आधी विचारा, मग मायक्रोस्कोप. आणि पार्कातून तुकडा उचलून आणायचा नाही हे मुलांना दोनदा सांगा, एकदा सांगून ती ऐकत नाहीत.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत कागदाचे फोल्डस्कोप आहेत. त्यावर लाकूड बघता येईल का? मला सुरुवात कशाने करू सांगा. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नक्की येईल. फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो, तेवढ्यात ट्रॅकीडच्या ओळी आणि गोल पिट दिसतात. देवदाराच्या चकतीची नागमोडी कड वगैरे त्यावर शोधत बसू नकोस, डोळे दुखतील.

सुरुवात पेन्सिलीने कर. पेन्सिल रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी शार्पनरने तासून निघालेला पापुद्रा घे, त्याची बाहेरची कड सगळ्यात पातळ असते, तेवढीच कापून पाण्याच्या थेंबात काचेवर लाव. आपल्या देशी पेन्सिलींचं लाकूड बहुतेक काश्मीरमधल्या पुलवामाच्या बाजूचं पॉप्लर, ते फुलझाड, त्यामुळे त्यात वाहिन्या दिसतील, रुंद आणि आखूड नळ्यांसारख्या. मग कोणाकडे चांगली परदेशी ड्रॉइंगची पेन्सिल असेल तर तिचा पापुद्रा माग, पुष्कळदा ती इन्सेन्स सीडरची असते, अमेरिकेच्या पश्चिमेकडची सूचिपर्णी, त्यात वाहिन्या मुळीच नसतील, नुसत्या लांब ट्रॅकीड आणि त्यांच्यावर पिटांच्या ओळी. रंगावर जाऊ नकोस, पेन्सिलीचं लाकूड रंगवलेलंही असतं.

दोन्ही पापुद्रे एकाच काचेवर शेजारी शेजारी लाव आणि काय दिसलं त्याचं चित्र हाताने काढ, मोबाईलने फोटो काढलास तरी चित्र काढच, कारण काढताना लक्षात येतं की आपण बघितलंच नव्हतं नीट. चित्र पाठव, पुढच्या अंकात छापू.